अर्ध्या घटकेचं अंडं

ज्या दिवशी रेल्वेच्या डॉक्टरांनी ताईच्या कागदावर सही केली नाही, त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा अंडं आलं.

ताई म्हणजे सुमनताई, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. झाशीच्या रेल्वे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मुलींची भरती निघाली, त्यात तिची निवड झाली होती. खंडेराव गेटच्या आतल्या मराठी घरांतली एकही मुलगी तोवर नोकरीला गेलेली नव्हती. ताईने वर्षभर आरशासमोर उभं राहून इंग्रजी आकडे म्हटले होते. ‘नंबर प्लीज’ हे शब्द तर ती झोपेतही म्हणायची. आणि नेमका तेव्हाच तिला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस ती अंथरुणाला खिळली. उठली तेव्हा केस गळून गेले होते आणि परकराची नाडी कमरेला दोनदा गुंडाळावी लागत होती. डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं, कागद बाजूला ठेवला आणि नानांना सांगितलं, “तीन महिन्यांनी परत आणा. जागा तोवर राहील, पुढे राहणार नाही. रोज दोन अंडी द्या. कच्ची नकोत, अर्धी कच्ची नकोत, पूर्ण उकडलेली द्या.” दुधाने तिचं पोट बिघडत होतं, म्हणून दूध बंद. नानांनी मान हलवली. त्यांनी जन्मात अंडं खाल्लं नव्हतं, पण वरिष्ठांनी काही सांगितलं की मान हलवायची त्यांना सवय होती.

ताई गेल्या कार्तिकात गेली. मी हे सावकाश लिहिते आहे, रोज एखादं पान. मला घाई नाही, आणि ज्यांना हे सगळं ठाऊक होतं त्यांतलं कोणी चुका काढायला आता उरलेलंही नाही.

आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात कारकुनी करायला दक्षिणेतून इकडे आले आणि कारकुनीच करत राहिले. फक्त सुभेदाराच्या जागी रेल्वे आली. नाना स्टेशनावर पार्सल बाबू होते. घर लहान होतं: दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण, अंगणात विहीर आणि एक पेरूचं झाड. दाराबाहेर पाऊल टाकलं की आम्ही हिंदी बोलायचो, आत आलो की मराठी. आई मात्र दोन्हीकडे मराठीच बोलायची, आणि भाजीवाला तिला बुंदेलीत उत्तर द्यायचा. त्यांचं कधी काही अडलं नाही. आईचं स्वयंपाकघर कडक सोवळ्याचं होतं. आंघोळ केल्याशिवाय चुलीजवळ जायचं नाही. कांदा वर्षातले आठ महिने यायचा, चातुर्मासात तोही नाही. पितळेची भांडी ती चिंच लावून स्वतः घासायची आणि पहाटे वरणाची डाळ चुलीच्या वैलावर टाकून मगच चहा घ्यायची. त्या घरात डाळ शिजण्याचा रटरट आवाज आणि यार्डातलं शंटिंग हे दोन आवाज कायम असायचे. एखादा बंद पडला की आम्ही दचकायचो.

डॉक्टरांकडून परत येताना नानांनी चार अंडी रुमालात बांधून आणली होती. ती हातात धरून ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

“आत आणू नका,” आई म्हणाली.

“मग काय करू? हातात धरून उभा राहू?”

“सुमीला बरं करायचं तर करा, मी आड येत नाही. पण माझ्या चुलीवर नाही, माझ्या भांड्यात नाही आणि माझ्या डोळ्यांसमोर नाही.”

“मी पेरूखाली शिजवते,” मी म्हणाले. मी तेरा वर्षांची होते, घरात सगळ्यांत कमी बोलणारी. हे कसं बोलून गेले ते आजही मला कळत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताई पलंगावरून म्हणाली, “छबे, तुला पाणी तरी उकळता येतं का?” मला येत होतं, तेवढंच येत होतं.

मग आईने नियम घालून दिले. पेरूखाली वेगळी अंगीठी. मराठीत तिला शेगडी म्हणतात हे मला फार पुढे पुस्तकातून कळलं. झाशीत आम्ही सगळे अंगीठीच म्हणायचो. इंजिनांतून पडलेला अर्धजळका कोळसा बायका टोपलीतून विकायला आणत, तो तिच्यात घालायचा. ॲल्युमिनियमची एक पातेली, एक चिमटा आणि एक चमचा, तिन्ही राहणार झाडाच्या बेचक्यात. ताईने खायचं ते अंगणातच, खाटेवर बसून. अंड्याला हात लावला की मी विहिरीच्या पाण्याने डोक्यावरून आंघोळ करायची, मगच घरात पाय टाकायचा. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि झाशीची थंडी सुरू व्हायची होती. तेव्हा त्या आंघोळीचं मला काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पातेलीत पाणी घातलं, दोन अंडी सोडली आणि अंगीठी फुंकू लागले. पाणी खदखदायला लागलं. आता किती वेळ, हा प्रश्न होता. आई स्वयंपाकघराच्या खिडकीमागे पाठ करून उभी होती. ती बघत नव्हती, पण बोलत होती.

“शिजलं का?”

“कसं बघू?”

“डाळ कशी बघतेस? एक काढ, बोटांनी दाब.”

मी चमच्याने अंडं काढलं, पदरासारखी ओढणी धरून दाबलं. कवच कडक.

“नाही गं आई, टणक आहे.”

“मग राहू दे अजून. डॉक्टर पूर्ण म्हणालेत ना, पूर्ण म्हणजे पूर्ण.”

पाणी आटलं की मी वर पाणी घालायची. आई वेळ घटकांत मोजायची. घड्याळ होतं ते नानांच्या खिशात. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं. दोन घटकांनी एक कवच फुटलं, मी आतलं पांढरं दाबून पाहिलं. तेही टणक. बटाटा टणक असला तर तो कच्चा, चणा टणक असला तर तो कच्चा, तुरीचा दाणा बोटांत चुरडला नाही तर कच्चा. आमच्या घरात शिजणं म्हणजे मऊ होणं, दुसरा अर्थ कोणाला ठाऊकच नव्हता. उकळत्या पाण्यात टाकल्यावर अधिकाधिक घट्ट होत जाणारी वस्तू जगात असते, असं पिढ्यान्‌पिढ्या वरण-भात खाणाऱ्या माणसांना कोण सांगणार? चार घटका झाल्या तरी ते अंडं मऊ होईना. आई खिडकीमागून म्हणाली, “फार हट्टी दिसतंय.” शेवटी कोळसा संपला म्हणून आम्ही थांबलो.

सोलताना कवचाबरोबर अर्धं पांढरं निघून आलं. नाना सायंकाळी मुद्दाम थांबून अगदी त्या दिवशीची ताजी अंडी आणत, दूध ताजं हवं तशी अंडीही ताजी हवीत म्हणून. सोललेलं अंडं खडबडीत, खड्डे पडलेलं दिसायचं. आतला बलक कोरडा, आणि त्याच्याभोवती हिरवट-काळं कडं. वास असा, की शेजारच्या बाईंनी भिंतीवरून विचारलं, “काए जिज्जी, नाली चोक हो गई का?”

ताईने तो घास तोंडात बराच वेळ घोळवला.

“कसं आहे?” मी विचारलं.

“खोडरबर,” ती म्हणाली. “पण खोडरबराने निदान चूक तरी पुसता येते.”

तिने दोन्ही अंडी संपवली. अर्ध्या तासाने ती विहिरीच्या कठड्याला धरून ओकली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ते हिरवं कडं विषारी असेल अशी मला भीती वाटायची, म्हणून मी आणखी शिजवायची. ते आणखी हिरवं व्हायचं.

आज कोणी विचारेल, नानांनी ऑफिसात का नाही विचारलं? मीही त्यांना मोठेपणी हे विचारलं होतं. पार्सल ऑफिसात त्यांना सगळे पंडितजी म्हणत. वीस वर्षं अंड्यांच्या टोपल्या त्यांच्या हातून गेल्या होत्या. भुशात अंडी कशी रचतात, टोपलीवर टोपली किती ठेवायची, कुठल्या गाडीत कमी फुटतात, ‘नाशवंत’ ही चिठ्ठी कुठे डकवायची, हे त्यांना पाठ होतं. अंड्याबद्दल माणसाला जेवढं कळू शकतं तेवढं त्यांना कळत होतं, फक्त ते खातात कसं हे सोडून. “वीस वर्षं पंडितजी म्हणवून घेतलं,” ते मला म्हणाले, “आणि एके दिवशी जाऊन विचारू, की भैया, अंडा कैसे उबलता है?”

पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी पार्सल ऑफिस रिकामं असताना, नानांनी ताईला मालाच्या काट्यावर उभं केलं. डॉक्टरांनी वजन पौंडांत सांगितलं होतं; नानांनी कागदावर गुणाकार करून ते मण-शेरात आणलं होतं, कारण त्यांच्या काट्याला तीच भाषा येत होती. चाळीस शेरांचा मण. ताईला हवं होतं एक मण पाच शेर, म्हणजे पंचेचाळीस शेर. तापातून उठली तेव्हा ती अडतीस शेर होती. नानांनी दांडीवरचं वजन हळूहळू सरकवलं, चष्मा पुसला, पुन्हा सरकवलं.

“साडेसदतीस,” ते म्हणाले.

काटा खोटं बोलत नाही हे नानांचं आयुष्यभराचं म्हणणं होतं. ताई काट्यावरून उतरली नाही. आजूबाजूच्या पेट्या-टोपल्यांकडे बघून म्हणाली, “नाना, माझ्यावरही चिठ्ठी डकवा. नाशवंत. आणि पहिल्या गाडीने पाठवून द्या कुठेही.” एरवी तिच्या विनोदाला नाना हसायचे. त्या दिवशी ते दांडीवरचं वजन शून्यावर आणत राहिले. परत येताना टांग्यात ताई माझ्या कानाशी म्हणाली, “छबे, मला ती खुर्ची हवी आहे गं. कानाला लावायचं ते यंत्र हवं आहे. अंडी नको असं मी कधी म्हणणार नाही, पण पोटात राहतच नाहीत ती. मी काय करू?” ती कधी रडायची नाही. तेव्हाही रडली नाही. पण तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की घरी पोचेपर्यंत चार बोटांचे वळ उठले होते.

सोमवारी नानांना उशीर होणार होता म्हणून अंडी आणायला मी गेले. गेटाबाहेर सकीनाखाला कोंबड्या पाळायची, नाना तिच्याकडूनच अंडी घ्यायचे. मोठ्या अंगाची, पान खाणारी बाई. एका हाताने कोंबडी उचलून दुसऱ्या हाताने अंडं काढायची आणि ते करताना कोणाशी तरी बोलतच असायची.

“काए बिन्नू, पंडितजी कहाँ गए? और बिटिया अब कैसी है?”

मी म्हणाले, ठीक आहे. मग मी सगळं सांगून टाकलं. मी परक्या माणसाशी इतकं बोलले ती पहिलीच वेळ. तिने पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं.

“उबालती कित्ती देर हो?”

“डेढ़ घंटा. कभी-कभी दो.”

खालाने कोंबडी खाली सोडली. “या अल्लाह! अंडा है कि चना?”

“नरम ही नहीं होता, खाला.”

आधी तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा ती खाटेवर बसून हसली, डोळ्यांना ओढणी लावून हसली, आणि आतून तिच्या सुनेला हाक मारून तिलाही सांगितलं. मी तिथून पळून जाणार होते. पण तिने हात धरून मला बसवून घेतलं. “सुन बिन्नू. दाल पकती है तो नरम पड़ती है. अंडा पकता है तो सख़्त होता है. जितना मारोगी उतना अकड़ेगा.” मग तिने मला सगळं दाखवलं. थंड पाण्यात अंडी ठेवायची, पाणी अंड्यांच्या वर दोन बोटं. उकळी फुटली की फार थोडा वेळ. लगेच काढून थंड पाण्यात टाकायची. आणि ताजी अंडी न्यायची नाहीत. “आज का अंडा छिलका नहीं छोड़ता. परसों का ले जा. पंडितजी रोज़ कहते हैं ताज़ा दो, ताज़ा दो. हम सोचते थे बाबू लोग हैं, कच्चा पीते होंगे.”

“थोड़ा वक़्त यानी कितना?” मी विचारलं. मला नेमकं हवं होतं. मी तशीच मुलगी होते.

खालाने विचार केला. “कारख़ाने का भोंपू सुनती हो?”

झाशीत रेल्वेच्या कारखान्याचा भोंगा सगळ्या गावाला ऐकू यायचा. सकाळी दोनदा वाजायचा. पहिला कामगारांनी चालायला लागावं म्हणून, दुसरा फाटक बंद होताना. मधलं अंतर बारा मिनिटांचं, आईच्या भाषेत अर्धी घटका.

“पहले भोंपू पे उबाल आ जाए,” खाला म्हणाली, “दूसरे पे उतार लो. बस.”

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती परातीत कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

“म्हणजे ते घट्टच व्हायला हवं?”

“हो.”

“मग इतके दिवस आपण काय करत होतो?”

“आणखी घट्ट.”

आईने परातीकडे पाहिलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती, पिठाचे हात वर धरून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तापानंतर आमच्या घरात कोणी हसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. डोळे खांद्याला पुसून ती म्हणाली, “बिचारं अंडं. आणि मी त्याला हट्टी म्हणत होते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, भोंग्याच्या आधी मी पेरूखाली बसले. कोळसा नीट पेटायला किती वेळ लागतो याचा अंदाज घेऊन पातेली ठेवली. पहिला भोंगा झाला आणि बुडबुडे वर आले. तो बारा मिनिटांचा वेळ मी कशाकडेही न बघता काढला. दुसरा भोंगा वाजताच पातेली उतरवली, अंडी विहिरीच्या पाण्यात सोडली. पहिलं अंडं दगडावर हलकंच आपटलं, अंगठ्याने कवच सरकवलं, आणि ते एका तुकड्यात, आतल्या पापुद्र्यासकट निघून आलं. हातात पांढरंशुभ्र, गुळगुळीत अंडं. त्याच्यावर माझ्या अंगठ्याची सावली पडलेली दिसत होती. मी पुढे पुष्कळ परीक्षा पास झाले, शाळेच्या ग्रंथालयाच्या किल्ल्या माझ्या हाती आल्या, एकदा माझा सत्कारही झाला. पण त्या सकाळी पेरूखाली वाटलं तसं मला पुन्हा कधी वाटलं नाही. मी ओरडले, “ताई, बघ!” मी ओरडू शकते हे ऐकून भिंतीपलीकडच्या बाई धावत आल्या.

ताईने मीठ लावून एक घास घेतला. चावली. थांबली. मग दुसरा घेतला.

“छबे,” ती म्हणाली, “हे खाण्याची वस्तू आहे.”

त्या दिवशी ते पोटात राहिलं. तिसऱ्या दिवशी अंडं कोरडं लागतं म्हणून ताई कुरकुरली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. हातात वाटी होती, वाटीत मेतकूट. आई म्हणाली, “वाटी परत आणू नका. तिथेच असू दे.” तेव्हापासून आमच्या घरात अंडं मेतकूट लावून खाल्लं जातं. मी नंतर पुष्कळ ठिकाणी उकडलेली अंडी खाल्ली, मीठ-मिरपूड लावलेली. ती मला अपुरीच वाटतात.

थंडी वाढली. पहाटेचं विहिरीचं पाणी कोमट लागायचं, पण ओल्या केसांनी अंगणात उभं राहिलं की दात वाजायचे. अंड्यानंतरची आंघोळ मी एक दिवसही चुकवली नाही. रविवारी कारखाना बंद, भोंगा नाही. त्या दिवशी मी दोनपासून वीसपर्यंतचे पाढे म्हणायची. शाळेत आम्ही हिंदीतून शिकत होतो, पण पाढे घरी नानांनी मराठीत शिकवले होते, आणि एकोणीसचा पाढा मला अडखळवायचा, म्हणून रविवारची अंडी जरा जास्त शिजत. संक्रांतीपर्यंत ताईचे गाल भरले. डोक्यावर बोटभर केस उगवले. ती चाळीस शेर झाली, मग बेचाळीस. अंगणात खाटेवर बसून ती पेरूच्या फांदीवरच्या पोपटाला विचारायची, “नंबर प्लीज?”

तपासणी रथसप्तमीच्या आसपास होती. आदल्या दिवशी नानांनी तिला काट्यावर उभं केलं. दांडीवरचं वजन सरकवून ते मागे आले, पुढे आले, खाली वाकून बघितलं.

“पावणेपंचेचाळीस,” ते म्हणाले. “पावशेर कमी.”

सात शेरांपैकी पावणेसात शेर तिने मिळवले होते आणि आता पावशेर राहिला होता. ताई म्हणाली, “पदराला दगड बांधू?” नाना म्हणाले, “नाही.” ते एवढ्या कडकपणे क्वचितच बोलत. मग त्यांचे ओठ हलायला लागले. पार्सल ऑफिसात हिशेब लावताना हलायचे तसे.

“शेराचे सोळा छटाक,” ते म्हणाले. “पावशेर म्हणजे चार छटाक. टोपली आणि भुसा वजा केला की अंडं किती भरतं माहीत आहे? एक छटाक. वीस वर्षं बघतोय.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “छबू, उद्या चार.”

“आणि कवच?” ताई म्हणाली. “कवचाचं वजन कोण धरणार? कवचासकट खाऊ?”

“वर पाणी पी,” नाना म्हणाले. “पाण्यालाही वजन असतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा गल्लीच्या तोंडाशी उभा होता. पहिला भोंगा झाला, उकळी आली, सगळं रोजच्यासारखं. पण दुसरा भोंगा वाजला तशी मी पातेली घाईने उचलली, चिमटा निसटला आणि उकळतं पाणी माझ्या उजव्या हातावर सांडलं. अंडी फुटली नाहीत, पातेली मी डाव्या हाताने सावरली. पण उजव्या हाताची बोटं मिटेनात. मी डाव्या हाताने सोलायला गेले. पहिल्याच अंड्याचा लचका निघाला. टांगेवाला हाका मारत होता, “बाबूजी, देर हो रही है!” नाना कोट घालून दारात उभे. ताई खाटेवर बसलेली, तिलाही कधी अंडं सोलता आलं नव्हतं. ते माझं काम होतं.

स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं. आई बाहेर आली. आंघोळ झालेली, सोवळ्यातलं लुगडं, केस ओले. ती पेरूखाली माझ्याशेजारी पाय दुमडून बसली. माझा हात विहिरीच्या पाण्याच्या बादलीत घातला. मग पातेलीत हात घालून एक अंडं उचललं, दगडावर टेकवलं, तळहाताखाली एकदा फिरवलं, आणि बघता बघता ते सोलून वाटीत ठेवलं. दुसरं. तिसरं. माझ्या हातून बिघडलेलंही तिने नीट करून ठेवलं. एकाचाही लचका नाही. आयुष्यभर तिने उकडलेले बटाटे गरम गरम सोलले होते.

“बटाट्यासारखंच तर आहे,” ती म्हणाली. “एवढ्यासाठी इतका गाजावाजा.”

मग तिने स्वतःच्या हाताने त्यांच्यावर मेतकूट घातलं, चमचा भरून, आणि वर आणखी अर्धा चमचा. “खा. मेतकुटालाही वजन असतं.” ताई एकापाठोपाठ एक चारही अंडी खाऊन लोटाभर पाणी प्यायली. खाताना ती आईकडे बघत होती आणि आई विहिरीकडे. टांगा निघाला. आई उठली, विहिरीवरून पाणी शेंदून त्या थंडीत तिने पुन्हा डोक्यावरून आंघोळ केली आणि स्वयंपाकघरात जाऊन डाळ ढवळायला लागली. अंड्याबद्दल ती मला पुढे कधी एक शब्द बोलली नाही. पण त्या दिवशी वरण लागलं, खाली करपलं. तिच्या हातचं करपलेलं वरण मी एकदाच खाल्लं.

ते दुपारी परतले. गल्लीच्या तोंडापासून टांग्याचे घुंगरू ऐकू आले. ताई टांगा थांबायच्या आधीच उतरली आणि पळत आली. ती पळू शकते हेही आम्ही विसरलो होतो. डॉक्टरांच्या काट्यावर वजन बरोबर भरलं, वर केसभर जास्त. त्यांनी सही केली आणि विचारलं, “काय खाल्लंस?” ताईने सांगितलं, “अंडी आणि मेतकूट.” मेतकूट म्हणजे काय हे डॉक्टरांना समजावून सांगायला नानांना इतका वेळ लागला, की बाहेर रांग लागली. मागाहून नाना आत आले, कोट न काढता माझ्यासमोर उभे राहिले, माझ्या हातावरची पट्टी बघितली आणि ताईकडे वळून म्हणाले, “आता काय चिठ्ठी डकवू तुझ्यावर?”

“जड माल,” ताई म्हणाली. “दोघांनी उचलावा.”

आणि नाना हसले. मी आईकडे पाहिलं. ती दाराला टेकून उभी होती, आणि तिने ताईला वरून खालपर्यंत असं बघून घेतलं, जसं मालाच्या काट्याने कधी बघितलं नसेल.

ताई तेहतीस वर्षं त्या खुर्चीवर बसली. पुढे ती इतर मुलींची सुपरवायझर झाली. माझ्या कॉलेजचा खर्च तिने केला, माझी पुस्तकं तिने घेतली. वादळात तारा तुटल्या तेव्हा दोन दिवस घरी न येता तिने लाइन जिवंत ठेवली, असं तिच्या निवृत्तीच्या समारंभात कोणीतरी सांगितलं. घरी तिने ते कधी सांगितलं नव्हतं. आई-नाना गेल्यावर आम्ही दोघी याच घरात राहिलो. अंडी मग स्वयंपाकघरातच उकडली जायची, पण सकाळी, भोंग्याच्या वेळेलाच. भोंगा ऐकू येईनासा झाला त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. मी पाढे म्हणते. एकोणीसचा अजून अडखळतो.

शेवटच्या आजारात तिला काही जात नव्हतं. आमच्या नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं अंडं देऊन बघा. मी उकडलं, सोललं, मेतकूट लावलं. तिने घासभर खाल्लं आणि म्हणाली, “छबे, बरोबर झालंय.” त्यानंतर तिने काही खाल्लं नाही.

पेरूचं झाड गेलं. विहीर बुजवली. पातेली आहे, झाशीच्या पाण्याने तिच्या आत क्षाराचं पांढरं वर्तुळ उमटलं आहे, ते घासून जात नाही. मेतकूट मी घरीच करते. सकाळी एक अंडं उकडते.